भाषणातलं शेवटचं वाक्य

स्मरणिकेसाठी 'मला घडवणारी व्यक्ती' या विषयावर लिही, असा संपादक मंडळाचा तिसरा फोन आल्यावर मी हो म्हटलं. बहुतेकांनी आपल्या शिक्षकांवर लिहिलं असणार, आणि ते योग्यच आहे. मी मात्र ज्या बाईंवर लिहिते आहे त्यांचा माझा वर्ग कधीच नव्हता. त्या १८९७ साली गेल्या. पण तुमच्यापैकी अनेकांनी मला त्यांच्यावर बोलताना ऐकलंय, निदान हातातल्या पेन्सिलीने पुढच्याच्या पाठीत टोचत बसला असाल तरी कानावर पडलं असेल. सातवीत असताना ३ जानेवारीला मी सावित्रीबाई फुल्यांवर भाषण केलं होतं. पाठ केलेलं, हातवारे ठरवून दिलेले. शेण-दगडांचा प्रसंग आला की उजवा हात वर. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला, तो अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे, त्यात मेथ्या असतात.

त्या भाषणाचं शेवटचं वाक्य मी विसरले होते. बाईंनी पडद्याआडून पुटपुटत सांगितलं, आणि मी ते घाईघाईत म्हणून टाकून खाली उतरले. वाक्य एवढंच होतं, की प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांना मरण आलं. नवऱ्याने शिकवलं, शाळा काढली, शेण खाल्लं, यावर चार पानं, आणि शेवटच्या दिवसांवर एक वाक्य. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, दरवर्षी मुलांना तेच भाषण थोडं इकडेतिकडे करून लिहून देत गेले, आणि ते एक वाक्य एकच राहिलं. २०२० साल उजाडेपर्यंत मला त्यात काही कमी आहे असं वाटलं नाही.

आता त्यांची गोष्ट माझ्या पद्धतीने सांगते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मधला भाग भरभर वाचावा.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये, नवव्या वर्षी, जोतीराव फुल्यांशी लग्न झालं. तेव्हा जोतीराव तेरा वर्षांचे. सासरी आल्यावर नवऱ्याने अक्षरं शिकवली, आणि मग शिक्षिकेचं रीतसर शिक्षण झालं. १८४८ मध्ये पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. आपण सतरा वर्षांचे होतो तेव्हा बारावीच्या प्रॅक्टिकलची फाईल दुसऱ्याकडून काढून घेत होतो. (नाव घेत नाही, तो पहिल्या रांगेत बसून हे वाचत असणार.)

भिडे वाडा आता नाही. २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला, तिथे स्मारक व्हायचं आहे. मी बीएडला असताना त्याच्यासमोरून रोज जायची. खाली दुकानं, वर मोडकळीला आलेल्या खिडक्या. दगडूशेठच्या गर्दीत त्याच्याकडे मान वर करून कुणी बघत नसे. मीही क्वचितच.

शेण-दगडांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्या शाळेत जाताना एक जादा लुगडं बरोबर ठेवत, हेही पाठ असतं. मला शिक्षिका म्हणून दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शाळा काढणं एक वेळ सोपं, पण त्या काळात मुलगी शाळेत येणार कशी? ती कुणाच्या तरी घरातून यायची होती. त्या घरात आजी होती, चुलते होते, शेजारी टोमणे मारायला बसलेले होते. मुलगी शिकली की विधवा होते, तिने लिहिलेल्या अक्षरांच्या अळ्या होऊन नवऱ्याच्या ताटात पडतात, असल्या समजुती खऱ्या मानणारी माणसं होती. म्हणजे मुलीला शिकवण्याआधी तिचं घर समजून घ्यावं लागे, त्या घराशी बोलत राहावं लागे. हे एकदा जाऊन होत नाही. पटावर नाव चढलं की संपलं, असं नसतं. पुन्हा पुन्हा जावं लागतं. ज्यांनी झोपडपट्टीतल्या शाळेत पटनोंदणी केली आहे त्यांना हे मी सांगायला नको.

आणि विरोध फक्त रस्त्यावर नव्हता. १८४९ मध्ये सासऱ्यांनी, गोविंदरावांनी, शाळा सोडा नाहीतर घर सोडा असा पेच टाकला आणि दोघांनी घर सोडलं. आसरा मिळाला तो उस्मान शेख यांच्याकडे. त्यांच्या घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीला होत्या. १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या, तेव्हा त्यांनी जोतीरावांना पाठवलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात फातिमाची काळजी आहे, की आपण नाही म्हणून तिच्यावर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही. आजारी पडलेल्या शिक्षिकेला पहिली चिंता वाटते ती तिच्या तासांवर कोण गेलं असेल याची! पावणेदोनशे वर्षांत काही बदललेलं नाही. त्याच पत्रात भावाशी झालेला वादही आहे. नवरा-बायको दोघं खालच्या जातीच्या लोकांसाठी काम करतात, हा कुळाला बट्टा आहे असं भावाचं म्हणणं. बाई अंथरुणावरूनच त्याच्याशी वाद घालत होत्या आणि आईचं मन वळवत होत्या. म्हणजे सुटीतसुद्धा त्यांची पालकसभा चालूच होती म्हणायची.

१८५१ च्या जुलैमध्ये चिपळूणकर वाड्यात, सप्टेंबरात रास्ता पेठेत, १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत, अशा शाळा वाढत गेल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. मांग-महारांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. त्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो निबंध मी दहावीच्या मुलींना दरवर्षी वाचून दाखवते. त्यांच्याएवढ्याच वयाच्या, किंबहुना लहानच मुलीने तो लिहिला, हे कळल्यावर वर्गात जी शांतता होते ती मला पगाराइतकीच महत्त्वाची आहे. सावित्रीबाईंचा स्वतःचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा. त्याच सुमारास कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा निघाली. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं, जिथे फसवल्या गेलेल्या विधवा येऊन बाळंत होऊ शकत. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

मधली वर्षं मी उडी मारून सांगते. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६-७७ चा दुष्काळ आला. तेव्हा सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूरला होत्या आणि तिथून त्यांनी एप्रिल १८७७ मध्ये जोतीरावांना पत्र पाठवलं. माणसं आणि जनावरं कशी मरताहेत, लोक गावं सोडून कसे निघालेत, सावकारांच्या वागण्याने कसा दंगा उसळला, हे त्यात आहे. धनकवडीला पोरक्या आणि उपाशी मुलांसाठी बालाश्रम निघाला, मुलांना जेवू घालण्याची व्यवस्था झाली. प्लेगपर्यंत पोचण्याआधी हे सांगायला हवं होतं, कारण प्लेगमध्ये त्यांनी जे केलं ते ऐनवेळच्या आवेगात सुचलेलं नव्हतं. संकटात माणसं कशी वागतात, घाबरून काय लपवतात, कुठल्या दारापर्यंत मदत पोचतच नाही, हे त्यांनी वीस वर्षं आधी पाहिलेलं होतं.

जोतीरावांना पक्षाघात झाला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेत दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि त्या पुढे चालू लागल्या. आजही किती गावांत बाईला हे करू देतील, तुम्हीच विचार करा. १८९३ मध्ये सासवडला झालेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. वय बासष्ट. आपल्याकडे या वयाला निवृत्त होऊन चार वर्षं झालेली असतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. लोक मुंबई सोडून मिळेल त्या गाडीने निघाले आणि प्लेग त्यांच्याबरोबर आला. थोड्याच महिन्यांत तो पुण्यात होता. जांघेत, काखेत गाठ येई, सडकून ताप, आणि बहुतेक वेळा काही दिवसांतच सगळं संपे. रोगाचा जंतू हाँगकाँगमध्ये १८९४ साली सापडला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने दाखवलं ते १८९८ मध्ये. हाफकिनची लस मुंबईत जानेवारी १८९७ मध्ये नुकती तयार होत होती. म्हणजे सावित्रीबाई वस्तीत जात होत्या तेव्हा हा आजार नेमका कसा लागतो हे जगात कुणालाही धड माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. आपल्याकडे २०२० च्या एप्रिलमध्ये आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो, त्यातलीच अवस्था, फक्त कितीतरी जीवघेणी.

४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोगाचा कायदा केला. (तोच कायदा २०२० मध्ये आपल्यावर लागू होता, हे किती जणांच्या लक्षात आलं?) रँड साहेब पुण्यात आला, मार्चमध्ये सोल्जरांकरवी घरांची झडती सुरू झाली. रोग्यांना इस्पितळात, घरच्या माणसांना वेगळ्या छावणीत. स्वयंपाकघरात बूट घालून शिरणारे गोरे शिपाई, रस्त्यावर काढलेलं सामान, बायकांची तपासणी. परिणाम व्हायचा तोच झाला. लोक आजार लपवू लागले, प्रेतं लपवू लागले. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात पुण्याचा प्लेग म्हटलं की हेच येतं, आणि यायलाही हवं. पण त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याच साथीत, पुण्याच्या वेशीबाहेर दुसरं एक काम चालू होतं, त्याला पुस्तकात जागा मिळाली नाही.

यशवंत डॉक्टर झाले होते आणि लष्कराच्या नोकरीत होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. हडपसरजवळ, यशवंतांच्या सासरच्या, सासने मंडळींच्या मळ्यात, मोकळ्या माळावर दवाखाना उघडला. गावापासून दूर, मोकळी हवा, आणि कुणालाही येता येईल असा. पण दवाखाना उघडला म्हणून रोगी चालत येत नाही. आधी सांगितलं ना, शाळा उघडली म्हणून मुलगी चालत येत नाही. तिथेही तेच. सावित्रीबाई वस्त्यांमध्ये जात, आजारी माणूस कुठे आहे ते शोधत आणि त्याला दवाखान्यात आणत. वय सहासष्ट. ज्या वस्त्यांत बाकीचे पाऊल ठेवत नसत, त्यांच्या ओळखीच्या होत्या. पन्नास वर्षांपासून त्या वस्त्यांतली मुलं शिकवण्यासाठी झगडणारी बाई दारात आली, तर दार उघडणार. सरकारी माणूस आला तर नाही. मला वाटतं, प्लेगमध्ये त्यांच्याजवळ औषधापेक्षा मोठं काही असेल तर हेच होतं. हे माझं मत, चरित्रकारांच्या माथी मारू नका.

मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांचा पांडुरंग नावाचा मुलगा तापाने फणफणला होता. सावित्रीबाईंना कळलं. त्या गेल्या, मुलाला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत आणलं. तो मुलगा वाचला असं सांगतात. सावित्रीबाईंना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आता माझी गोष्ट, थोडक्यात.

२०२० मध्ये मी पुण्याच्या पूर्वेकडच्या एका शाळेत सातवी ब ची वर्गशिक्षिका होते. पटावर ४६ मुलं. मार्चच्या मध्यात शाळा बंद झाल्या. आधी वाटलं पंधरा दिवस. मग दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला तेव्हा लक्षात आलं की हे लांबणार. मी तत्पर शिक्षिका म्हणून ओळखली जायचे. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. प्रत्येक परिपत्रक आलं की पाच मिनिटांत पुढे पाठवायचे. टिलीमिलीच्या वेळा, दीक्षा ॲपच्या लिंका, पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ कुठल्या दिवशी न्यायचे, मास्क, हात धुणे, ऑनलाइन चाचणी. मुख्याध्यापकांनी सभेत माझं कौतुकही केलं. पालकांना माहिती पोचवण्यात सातवी ब पुढे आहे म्हणून.

एका मुलीच्या घरी एकच फोन होता, तिच्या वडिलांचा. ते रिक्षा चालवत. ऑगस्टमध्ये वडिलांना ताप आला, नंतर श्वास, नंतर बेड मिळेपर्यंतची धावपळ, आणि ते गेले. फोन त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेला होता, तो परत आलाच नाही. हे मला नऊ दिवसांनी कळलं, तेही आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडून. त्या नऊ दिवसांत मी त्या ग्रुपवर अकरा मेसेज टाकले होते. मोजले मी नंतर. त्यातले चार चाचणीच्या मुदतीबद्दल, आणि एक, उत्तरपत्रिका न पाठवणाऱ्यांची नावं. त्या नावांत तिचं नाव होतं. मी शोधत गेले तोवर खोलीला कुलूप. घरमालकाने सांगितलं, गावाकडे गेले सगळे.

त्या रात्री मी सावित्रीबाईंचं चरित्र पहिल्यापासून वाचायला घेतलं. भाषणासाठी नव्हे. का घेतलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. वाचताना जिथे थांबले ते ठिकाण शेण-दगडांचं नव्हतं. मुंढव्यात पांडुरंगला ताप आलाय हे बाईंना कळलं कसं, तिथे मी थांबले. तिथे ना फोन, ना ग्रुप. कुणीतरी येऊन सांगितलं असणार. म्हणजे त्या वस्तीतल्या कुणाला तरी वाटलं, की हे बाईंना सांगावं. माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या शेजाऱ्यांपैकी एकालाही तसं वाटलं नाही, आणि वाटावं असं मी काही केलेलं नव्हतं. मी सांगत होते, मला कुणी सांगावं अशी सोय ठेवली नव्हती.

मी काही मोठं केलं नाही त्यानंतर. एक दोनशे पानी वही घेतली. ४६ मुलांना एकेक पान. रोज सात घरी फोन, अभ्यासाचं एक अक्षर नाही बोलायचं. जेवण काय झालं, काम सुरू आहे का, आजी कशी आहे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या शेजाऱ्याचा, किराणा दुकानदाराचा नंबर. तांदूळ वाटपाच्या दिवशी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचे, कारण फोनवर न सांगितलेलं माणूस रांगेत उभं असताना सांगून जातं. कुणाचं काम सुटलंय, कुणाच्या घरात भांडणं वाढलीत, कुणाच्या मुलीचं लग्न ठरवायचं चाललंय. त्यातलं एक लग्न आम्ही दोघी-तिघींनी मिळून थांबवलं, ती आता नर्सिंगला आहे. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणासाठी घरोघरी जायची वेळ आली तेव्हा ताप मोजायचं यंत्र आणि वही दोन्ही बरोबर. काही सहकाऱ्यांनी चेष्टा केली. वरिष्ठांनी विचारलं, याचा अहवाल कुठल्या नमुन्यात द्यायचा.

घाबरले नव्हते असं नाही. घरी सासूबाई ७८ वर्षांच्या. आल्यावर अंगणातच आंघोळ. मी कुणाला पाठीवर घेतलं नाही, घेतलंही नसतं, आणि तसं करा असं मी कुणा शिक्षकाला सांगणारही नाही. नियम पाळायचे होते, ते बरोबर होते. सावित्रीबाईंना नियम माहीत असते तर त्या थांबल्या असत्या का, यावर आमच्या शिक्षक खोलीत एकदा जोरात वाद झाला होता. इतिहासाचे सर म्हणाले थांबल्या नसत्या. मला वाटतं त्यांनी दुसरी काही तरी वाट काढली असती, खाट केली असती, चार जणांना उभं केलं असतं. पण त्या दिवशी मुंढव्यात बरोबर दुसरं कुणी नसावं.

मुंढवा ते हडपसर हा रस्ता आता माझ्या रोजच्या जाण्यायेण्याचा आहे. मधे मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारती, उड्डाणपूल, संध्याकाळी सिग्नलला वीस-वीस मिनिटं. गाडीत बसून कंटाळले की मनात हिशेब करते. सात-आठ वर्षांचं असो की दहा-बारा, तापलेलं मूल पाठीवर, सहासष्ट वर्षांची बाई, मार्चचं ऊन, तेव्हाची पायवाट. मूल मधूनच घसरत असणार. उतरवून, दम खाऊन, पुन्हा घ्यायचं. असं किती वेळा?

ती मुलगी गेल्या वर्षी भेटली. दहावी गावाकडच्या शाळेतून झाली, आता अकरावी आणि एका दुकानात अर्धवेळ काम. मी माफी मागितली. तिला त्या यादीतलं आपलं नाव आठवतच नव्हतं, फोन परत आला नव्हता ना. तिने यादी पाहिलीच नव्हती. मला रडू आलं आणि ती बिचारी गोंधळून मलाच पाणी देऊ लागली. तिचा नंबर आता वहीत आहे.

या ३ जानेवारीला आमच्या सहावीतल्या मुलीला भाषण लिहून द्यायची पाळी पुन्हा माझ्यावर आली. या वेळी मुंढव्यापासून सुरू केलं. शेण-दगड मधे आले, भिडे वाडा शेवटी. तिच्या आईने फोन करून विचारलं, बाई, क्रम चुकला नाही ना?